गाडी लावा, दरी बघा

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर हर्मिट रोड नावाचा अकरा किलोमीटरचा रस्ता आहे. काठाला अगदी खेटून जाणारा. १ मार्च ते ३० नोव्हेंबर तिथे खासगी गाड्यांना बंदी असते. या निर्णयाला माझा मनापासून सलाम! हॉर्न नाही, पार्किंगसाठी घिरट्या नाहीत. फक्त उद्यानाची फुकट बस.

या बसची एक गंमत लक्षात ठेवा. जाताना ती नऊ ठिकाणी थांबते, परतताना फक्त तीन. म्हणून जातानाच हवं तिथे उतरा, काठाकाठाने पुढच्या थांब्यापर्यंत चालत जा आणि पाय बोलायला लागले की पुन्हा बस पकडा. सूर्यास्ताला होपी पॉइंट गाठा. पिमा पॉइंटला मात्र डोळ्यांइतकेच कानही उघडे ठेवा. वारा पडलेला असेल तर किलोमीटरभराहून खोल वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीचा खळाळ वरपर्यंत ऐकू येतो.

होपी पॉइंटवरून पलीकडे सपाट माथ्याचा एक डोंगर दिसतो. त्याचं नाव शिवा टेंपल! भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी एकोणिसाव्या शतकात इथल्या सुळक्यांना विष्णू, शिव अशी नावं दिली. ब्रह्मा, राम, कृष्ण, मनू हेही नकाशावर आहेत. १९३७ साली न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची तुकडी या शिवाच्या माथ्यावर चढली. हजारो वर्षं एकाकी पडलेल्या त्या माथ्यावर वेगळेच प्राणी तयार झाले असतील, अशी आशा होती. नवी प्रजाती एकही मिळाली नाही. शिवाय काठावर राहणारे फोटोग्राफर एमरी कोल्ब आधीच तो माथा गाठून आले होते.

माझी सगळ्यात लाडकी वाट मात्र ‘ट्रेल ऑफ टाइम’. यावापाई भूशास्त्र संग्रहालयापासून निघणारी, सपाट, आजी-आजोबांनाही झेपेल अशी. हिशेब सोपा: एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. प्रत्येक मीटरवर जमिनीत धातूची खूण ठोकलेली आहे. आपली मानवजात सुमारे तीन लाख वर्षांची, म्हणजे पहिल्याच पावलात आपला सगळा इतिहास आटोपतो. सह्याद्रीचा काळा कातळ घडवणारा लाव्हा इथल्या मापाने ६६ मीटरवर येतो. आणि तुम्ही ज्या काठावर उभे असता, तो चुनखडक तब्बल २७० मीटरवर! दरीतला हा सर्वांत तरुण थर, तरी डायनासोरांच्याही आधीचा. म्हणूनच दरीच्या या खडकांत डायनासोरांचे जीवाश्म सापडत नाहीत. पुढे दरीच्या तळातले खडक रांगेने मांडलेत, हात लावून बघायची मुभा आहे. त्यांतला सर्वांत जुना १८४ कोटी वर्षांचा. त्यावर तळवा ठेवून दोन मिनिटं उभे राहाच.

गाडीवाल्यांनी हिरमुसू नये. पूर्वेकडचा डेझर्ट व्ह्यू ड्राइव्ह वर्षभर त्यांचाच. शेवटी २१ मीटर उंचीचा दगडी मनोरा आहे, १९३२ सालचा. स्थापत्यकार मेरी कोल्टर यांनी तो प्राचीन प्वेब्लो जमातींची बांधकामं अभ्यासून रचला; आतली चित्रं होपी जमातीतले कलावंत फ्रेड काबोटी यांची. पलीकडच्या उत्तर काठावर जायचा मोह झाला तर आधी नकाशा बघा. सरळ रेषेत अंतर जेमतेम १६ किलोमीटर, पण रस्त्याने सुमारे ३४० पडतं. हिवाळ्यात तर तो काठ बंदच.

थोडं खाली उतरायचं असेल तर साउथ कैबाब वाट धरा. सुरुवातीपर्यंत बसच नेते. दीड किलोमीटरवर ‘ऊ-आ पॉइंट’ येतो. तिथे पोचलेल्याच्या तोंडून जो उद्गार निघतो, तेच त्याचं नाव! पण उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. खाली जाल तसं ऊनही वाढतं. तळाशी काठापेक्षा ११ ते १६ अंश जास्त.

आणि खारींना खाऊ घालू नका. दिसायला गोजिरवाण्या या रॉक स्क्विरल दरवर्षी कितीतरी पर्यटकांना चावतात. इथल्या सर्वांत धोकादायक प्राण्यांत त्यांची गणना होते. डबा पिशवीतच ठेवा.