भाताच्या काडातील लिग्निन

पनवेल तालुक्यातील विचुंबे आणि भोवतालच्या गावांचे खरिपातील परंपरागत पीक भात, आणि वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात ऊस, ज्वारी, मका व बांबू यांच्याप्रमाणे भातही गवताच्याच कुळात मोडतो. आषाढात लावलेले रोप बोटांनी सहज चिरडते, परंतु लोंबी भरेपर्यंत त्याच्या काडाची खालची पेरे इतकी कणखर होतात की दाण्यांचे ओझे आणि परतीचा पाऊस सोसूनही पीक बहुधा उभे राहते. या कणखरपणात सेल्युलोजच्या तंतूंबरोबर लिग्निनचाही मोठा वाटा असतो. लिग्निन म्हणजे असंख्य लहान रेणू एकमेकांना जोडून पेशीभित्तिकेत, अर्थात पेशीभोवतीच्या भिंतीत, तयार होणारा महारेणू. तो तंतूंमधील जागा भरून भिंत ताठ करतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका चेपू देत नाही.

लिग्निन झाडांतही असते, मात्र गवतांनी ते घडवण्याची आपली वेगळी वाट काढली आहे, आणि ती विशेष लक्ष देण्याजोगी आहे. बहुतेक वनस्पतींत या प्रक्रियेचा आरंभ फेनिलअॅलनीन या अमिनो आम्लापासून होतो: एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्यातील अमोनिया काढून टाकते आणि दुसरे विकर उरलेल्या रेणूच्या कड्यावर हायड्रॉक्सिल गट बसवते, तेव्हा कूमॅरिक आम्ल तयार होते. गवतांतील पहिले विकर टायरोसीन हे अमिनो आम्लही स्वीकारते, आणि टायरोसीनच्या कड्यावर तो गट आधीपासूनच असल्यामुळे मधली पायरी गाळून थेट कूमॅरिक आम्ल मिळते. ब्रॅकिपोडियम या लहानशा गवतावर 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्यातील जवळपास निम्मे लिग्निन याच मार्गाने येत असल्याचे दिसून आले.

पुढे या आम्लापासून तीन प्रकारची अल्कोहोले बनतात आणि पेशीबाहेर भिंतीत पोहोचतात. तेथे लॅकेझ व पेरॉक्सिडेझ ही विकरे त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि अशा रीतीने क्रियाशील झालेले रेणू जसे भेटतील तसे जोडले जातात, म्हणून या महारेणूला ठरावीक क्रम नसतो. गवतांत ट्रायसीन हे फ्लॅवोनॉइड वर्गातील द्रव्यही या साखळीत गुंफले जाते. त्याहून महत्त्वाचे आहे फेरुलिक आम्ल: ते एका बाजूने झायलान या शर्करासाखळीला एस्टर बंधाने जोडलेले असते, तर दुसऱ्या बाजूने लिग्निनला धरते आणि त्यामुळे दोन्ही जाळी एकमेकांत घट्ट अडकतात.

हीच अडकण पेंढ्याच्या वैरणीला नडते, कारण गायीम्हशींच्या पोटातील जिवाणूंना सेल्युलोज पचवता येत असले तरी त्यांना त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण जाते. लिग्निन मुळातच कमी ठेवावे, हा एक उपाय. मक्यात तपकिरी शिरेचा असा वाण अमेरिकेत 1924 साली आढळला आणि त्याचा चारा अधिक पचतो, परंतु अशा वाणांत ताट लोळण्याचा धोका राहतो. कोकणासारख्या पावसाळी मुलखात भाताच्या बाबतीत ही जोखीम पत्करण्यापेक्षा कापणीनंतर ते बंध सैल करणे अधिक शहाणपणाचे आहे.

एस्टर बंध अल्कलीपुढे टिकत नाहीत, आणि पेंढ्यावरील युरिया प्रक्रिया याच गुणावर उभी आहे. शंभर किलो वाळलेल्या पेंढ्यासाठी चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडतात, प्रत्येक थर तुडवून दाबतात आणि ढीग प्लॅस्टिकच्या कागदाने हवाबंद झाकून सुमारे 21 दिवस ठेवतात. या काळात युरियापासून अमोनिया सुटतो, तो फेरुलिक व कूमॅरिक आम्लांचे एस्टर बंध तोडतो आणि पेंढ्यातील नत्रही वाढवतो. लिग्निन नाहीसे होत नाही, पेंढ्यातील सिलिकाही तशीच राहते. तरीही शर्करासाखळ्यांवरील पकड ढिली झाल्याने जिवाणूंना आत शिरकाव मिळतो. ढीग उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास जाईपर्यंत पेंढा पसरून ठेवावा लागतो आणि मगच तो, आरंभी थोडाथोडा, जनावरांपुढे टाकतात.