खंबीर मुलांच्या पाठीशी कोण असतं?

हालअपेष्टांत वाढलेलं मूल पुढे नीट मार्गी लागलं, की आपण त्याच्या जिद्दीचं कौतुक करतो. पण ती जिद्द येते कुठून? हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी त्यांच्या चाळिशीपर्यंत घेतला. यातली बरीच कुटुंबं ऊस-अननसाच्या मळ्यांवर राबणारी होती. सुमारे तीस टक्के मुलांच्या वाट्याला गरिबी, जन्मावेळची गुंतागुंत, घरातले तंटे, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार यांपैकी अनेक गोष्टी एकदमच आल्या. तरीही त्यांच्यातलं दर तिसरं मूल आत्मविश्वासानं उभं राहिलं. अशा मुलांना आजी, मावशी, थोरली बहीण किंवा शिक्षिका असं एक तरी हक्काचं माणूस लाभलं होतं. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासारख्या कामांतून, आपलीही कुणाला तरी गरज आहे हे त्यांना उमगलं होतं. हाक मारली की कुणी धावून येतं, हा अनुभव लहानपणी गाठीशी असला, तर विशीत नोकरी गेली तरी माणूस मदत मागायला कचरत नाही.

यावर कुणी म्हणेल, गोड स्वभावाची मुलंच माणसं जोडतात. मग श्रेय स्वभावाचं नाही का? काही अंशी आहे, आणि कवाईतही ते दिसलं. पण बुखारेस्टमध्ये अनाथालयांतल्या १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, स्वभाव न पाहता, पालक-कुटुंबांत पाठवलं गेलं. त्यांची बुद्धी आणि जिव्हाळ्याची नाती उरलेल्यांपेक्षा चांगली फुलली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वाधिक लाभ झाला.

मग बालपण हुकलं की सारंच संपलं? तसंही नाही. कवाईत किशोरवयात भरकटलेले बरेच जण पुढे शिक्षण, लष्करी नोकरी किंवा समजूतदार जोडीदार यांच्या आधारानं सावरले. मात्र ‘नाती पुरेशी आहेत, गरिबीचं काय एवढं’ असा अर्थ कुणी काढू नये. त्याच जोखमीतल्या दर तिघांपैकी दोघांना अठराव्या वर्षापर्यंत गंभीर अडचणींनी गाठलं होतं. दिवसभराच्या मजुरीनं पिचलेल्या आईकडे मुलाला जवळ घ्यायला वेळ आणि त्राण उरावं, यासाठी रास्त मजुरी आणि पाळणाघर लागतं. म्हणून मुलांना खंबीर व्हायचा उपदेश करण्याआधी मोठ्यांनी आपली जबाबदारी उचलावी: प्रत्येक मुलाला वर्षानुवर्षं टिकणारं एक माणूस मिळावं, आणि त्या माणसाला जगण्यापुरती उसंत.