चाळीतली भिशी, आईची खाणावळ आणि आपला गट



गटाच्या बैठकांना जाते तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मुंबईच्या बायकांना काय, दर महिन्याला पगार येतो. बचत, भिशी, उधारी हे सगळं आपल्या गावाकडचं." मी लालबागच्या चाळीत वाढले. लग्न होऊन इकडे आले आणि गटाचं काम हातात घेतलं, तेव्हा त्यातलं निम्मं मला ओळखीचं वाटलं. ते का, हे आज सांगते. ऐकताना तुमच्या आजीची, सासूची गोष्टही त्यात सापडेल.

आधी गिरणगाव म्हणजे काय ते सांगते. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची सुरुवात केली. मग लालबाग, परळ, वरळी, शिवडी, भायखळा या भागात गिरण्या वाढत गेल्या. काम करायला माणसं आली ती रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतून. माणसं आली म्हणून चाळी उभ्या राहिल्या. 1920 नंतर सरकारनेही बीडीडी चाळी बांधल्या. तिथली एक खोली 160 चौरस फुटांची. आपल्याकडच्या साध्या गोठ्याएवढी जागा म्हणा ना.

आमची खोली त्याहून लहान, दहा बाय बाराची. त्यात आम्ही सहा जण. मजल्यावर नळ एक, संडास टोकाला. पाणी पहाटे यायचं, तेही तासभर. शाळेत जायच्या आधी रांगेत बादली लावायची हे माझं काम. अभ्यास गॅलरीत, झोप गॅलरीत, भांडणं आणि हळदीकुंकूही गॅलरीतच. काही खोल्या एकेका गावाच्या होत्या. एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष राहायचे. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, म्हणून एक पाळीवर गेला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसरा झोपायचा. या पुरुषांची बायका-मुलं गावी. मग त्यांचं जेवण कोण करणार?

इथे येते खाणावळ. चाळीतल्याच बाया या गाववाल्यांना महिनेवारी जेवण घालायच्या. पगार झाला की पैसे. तोवर किराणा उधारीवर, आणि उधारी वाढली की सावकाराकडून व्याजाने पैसे. गिरणीत संप झाला की पगार बंद, पण रोज दारात येणाऱ्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं? म्हणून बाया उधारीवर जेवण घालत राहायच्या आणि स्वतः कर्जात बुडायच्या. संपाचं श्रेय युनियनला मिळालं. भाकरी कोणी थापली हे फार थोड्यांनी लिहून ठेवलं.

हे ज्यांच्या नजरेला पडलं त्या कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव. त्यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. खाणावळवाल्या बायांचे गट केले. तारण ठेवायला कोणाकडेच काही नव्हतं, म्हणून बाया एकमेकींना जामीन राहिल्या आणि त्या जोरावर त्यांना बँकेचं कर्ज मिळालं. आज आपण गटाचं कर्ज घेतो ते याच विश्वासावर. नाबार्डने 500 गट बँकांना जोडायचा प्रयोग हाती घेतला तो 1992 साली. त्याच्या सतरा वर्षं आधी गिरणगावातल्या या बायांनी तो मार्ग चालून दाखवला होता.

माझी आईही डबे करायची. माझ्या लहानपणापर्यंत खूप काही बदललं होतं. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप जिंकून असा संपलाच नाही. हजारो कामगार परत कामावर घेतले गेले नाहीत आणि गिरण्या एकेक करून बंद पडू लागल्या. बाबांची गिरणी रडतखडत चालू होती. महिन्यातले काही दिवस काम, काही दिवस गेटवरून परत. मी सातवीत असताना तीही बंद झाली. बाबांची देणी कित्येक वर्षं अडकली. त्या काळात घर चाललं ते आईच्या डब्यांवर.

आई शाळेत गेली नव्हती, म्हणून चौथीपासून तिची वही मी लिहायचे. आठ डबे, एका डब्याचे महिन्याला 300 रुपये, म्हणजे 2400 जमा. किराणा, भाजी, रॉकेल मिळून खर्च 1750. शिल्लक 650. आई म्हणायची, "बघ, साडेसहाशे सुटले." सगळे तिचं कौतुक करायचे. आता तोच हिशेब आपण पुन्हा करू. आई पहाटे चारला उठायची. सकाळचे चार तास आणि संध्याकाळचे तीन, असे रोज सात तास चुलीपुढे. 650 ला तीस दिवसांनी भागा. दिवसाला एकवीस-बावीस रुपये, म्हणजे तासाला तीन रुपये. आईने सुटले म्हटलेले पैसे हा नफा नव्हताच. ती तिचीच मजुरी होती, आणि तीही अपुरी.

हे मी का सांगते? आपल्या गटांत पापड, मसाले, शेवया होतात. भाव ठरवताना डाळ धरतो, तिखट धरतो, पिशवी धरतो. आपले हात धरत नाही. मग माल संपतो आणि हाती काही राहत नाही.

आता भिशीकडे येऊ. आमच्या मजल्यावर बारा जणींची भिशी होती. दर महिन्याला प्रत्येकीचे पन्नास, म्हणजे एकूण 600 रुपये. चिठ्ठी निघेल तिला सगळे. वर्षात प्रत्येकीला एकदा. भिशीनेच चाळीत मिक्सर आले, शाळेची फी भरली गेली, बहिणींची बाळंतपणं झाली. व्याज नाही, कागद नाही, सावकाराच्या दारात जाणं नाही. हा तिचा मोठा गुण.

पण तिची अडचणही तेव्हाच दिसली. एका एप्रिलमध्ये माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली. आईचा नंबर सप्टेंबरमध्ये. आजारपण चिठ्ठीची वाट बघत नाही. शेजारच्या मावशींनी त्यांचा एप्रिलचा नंबर आईला दिला, म्हणून दवाखाना झाला. मावशी चांगल्या होत्या म्हणून निभावलं. त्या जागी दुसरी कोणी असती तर? आणि कोणी पहिला नंबर घेऊन खोली सोडून गेली तर? लेखी काहीच नसायचं.

बचत गटाने नेमकं इथेच काम केलं आहे. भिशीत पैसा गोल फिरतो आणि वर्षाअखेर मध्ये काहीच उरत नाही. गटात तो साठतो. बारा जणी महिन्याला शंभर टाकत असतील तर वर्षाला 14,400 रुपये आणि वर अंतर्गत कर्जाचं व्याज. हे व्याज सावकाराकडे न जाता गटातच राहतं. कर्ज गरजेप्रमाणे मिळतं, चिठ्ठीप्रमाणे नाही. ठराव लिहिला जातो, पासबुक असतं, आणि तीच नोंद बघून बँक पुढचं कर्ज देते. म्हणून बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी ही पंचसूत्री आपण पाठ करतो. "वही राहू द्या, आपण काय परक्या आहोत का?" असं कोणी म्हटलं की मला आमच्या मजल्यावरची ती भिशी आठवते. वही अविश्वासापोटी ठेवायची नसते. ती ठेवली की कोणाच्या चांगुलपणावर भार पडत नाही.

आईला डबे वाढवायचे होते. मोठी शेगडी, भांडी घ्यायची होती. ती एका बँकेत गेली. तिथे विचारलं, तुमच्या नावावर काय आहे? खोलीची भाडेपावती बाबांच्या नावाची, रेशनकार्ड बाबांच्या नावाचं, लाइटबिल बाबांच्या नावाचं. घर चालवणारी बाई कागदावर कुठेच नव्हती. ती रिकाम्या हाताने परत आली.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या कितीजणींचं नाव घराच्या उताऱ्यावर आहे? बायकोचं नाव पतीबरोबर सातबाऱ्यावर लावण्यासाठी राज्यात 1992 पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. त्यासाठी पतीने स्वतः अर्ज करावा लागतो. घराच्या उताऱ्यासाठी ग्रामपंचायतीत विचारा, जमिनीसाठी तलाठ्याकडे.

शेवटची गोष्ट गावाची. आमच्या चाळीतल्या पुरुषांचा पगार कमी होता, तरी तो पुरायचा. कारण गावी त्यांची बायको शेत कसत होती, म्हातारी माणसं आणि गुरं सांभाळत होती, आणि गणपतीला आलेल्या माणसाबरोबर तांदूळ, नाचणी, कुळीथ परत मुंबईला जात होतं. संपात पगार थांबला तेव्हा कितीतरी कामगार गावी आले आणि याच बायांनी पिकवलेलं खाऊन राहिले. मुंबईची गिरणी तुमच्या सासूच्या, आजीच्या मेहनतीवरही चालली. पगारपत्रकात त्यांचं नाव कधी आलं नाही, इतकंच.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी तीन कामं देते. एक, गटाच्या कोणत्याही एका मालाचा महिनाभराचा हिशेब लिहा आणि त्यात प्रत्येकीचे तास धरा. दोन, घर आणि जमीन कोणाच्या नावावर आहे ते उतारा काढून बघा आणि बैठकीत सांगा. तीन, घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, घरातला पुरुष मुंबईला होता तेव्हा इथलं सगळं कोणी ओढलं? ती सांगेल ते गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. लिहिता येत नसेल त्यांनी शाळेतल्या मुलीला बोलवा. तिलाही कळू द्या, आपलं घर कोणी उभं केलं.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.