घरबसल्या मधमाशीची भाषा शिका!

वाचकहो, 'तीस दिवसांत इंग्रजी', 'तीन महिन्यांत जपानी', 'सहा धड्यांत प्रभावी वक्तृत्व' असली पुस्तके आपण हौसेने विकत घेतली आणि यथावकाश रद्दीवाल्याच्या तराजूत टाकली. मधमाशीच्या भाषेचे तसे नाही. तिला शब्द नाहीत, त्यामुळे पाठांतर नाही. लिंगभेदाचा घोळ नाही, कारण बोलणाऱ्या सगळ्या बायकाच. नरांना या भाषेत बोलताच येत नाही, ही गोष्ट संसारी पुरुषांना फारशी नवी वाटू नये.

ही भाषा नाचून बोलतात. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांनी ती उलगडली आणि १९७३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळवला. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे पोळ्यासमोर बसावे लागले. तेवढी सवड आपणांस नसणार, म्हणून हे चार धडे.

धडा पहिला : दिशा. फुलांचा ताटवा सापडलेली माशी अंधाऱ्या पोळ्यात परतते आणि उभ्या पोळ्यावर नाचू लागते. अंग थरथरवीत एक सरळ धाव, उजवीकडून वळसा. पुन्हा तीच धाव, डावीकडून वळसा. धाव सरळ वर असेल तर फुले सूर्याच्या रोखाने आहेत. उभ्या रेषेच्या उजवीकडे ४० अंश कललेली असेल तर सूर्याच्या उजवीकडे ४० अंशांवर. आपणांस भिंतीवर नाचणे जमणार नाही, आणि जमलेच तर शेजारी ते खपवून घेणार नाहीत. सबब, सतरंजी अंथरावी, तिचे एक टोक 'वर' मानावे आणि कोवळी मेथी कोठे मिळते ते घरच्यांना नाचून सांगावे. जाणकार माशी श्रोत्यांना मधुरसाचा घोटही देते. आपण मेथीची एक काडी दिली तरी चालेल.

धडा दुसरा : अंतर. जितका वेळ थरथर, तितके स्थळ लांब. युरोपीय माशीचा हिशेब एका सेकंदाला सुमारे एक किलोमीटर. त्या हिशेबाने दादरच्या माणसाला पुण्याच्या मावशीचे घर सांगायला अडीच मिनिटे थरथरावे लागेल, आणि तेही सेकंदाला सुमारे तेरा वेळा कंबर हलवून. चाळिशी उलटलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. शिवाय बारा कोसांवर भाषा बदलते, ती येथेही. आपल्याकडची सातेरी माशी तेवढ्याच अंतरासाठी युरोपीय माशीपेक्षा जास्त वेळ थरथरते. फुलोरी तर उघड्यावरच्या पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचून थेट फुलांच्याच दिशेला धावते.

हे माणसाला कदापि जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला. १९८९ साली अ‍ॅक्सेल मिखेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेणाचा लेप दिलेली पितळी माशी पोळ्यात नाचवली, आणि खऱ्या माश्या तिने सांगितलेल्या दिशेला गेल्या. पितळेला जे साधले ते आपणांस का साधू नये?

धडा तिसरा : श्रोते. येथे बहुतेक विद्यार्थी नापास होतात. पोळ्यात अंधार असतो, म्हणून ऐकणाऱ्या माश्या नाचणारीच्या अगदी जवळ येतात, तिच्या अंगाला मिशा लावून तिच्यामागोमाग फिरतात. 'हं, हं' म्हणत वर्तमानपत्र वाचणे या भाषेत शक्यच नाही.

धडा चौथा आणि शेवटचा : थांबणे. १९४९ साली बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या म्युनिक शहरात फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडावर यांना एका झाडोऱ्यावर माश्यांचा घोळका लटकलेला दिसला. त्यावर काही माश्या नाचत होत्या. पण कोणी काजळीने काळ्या, तर कोणी विटांच्या धुळीने लाल. फुलांकडून आलेल्या माश्या इतक्या मळलेल्या कशा? पुढे उलगडा झाला. तो घोळका बेघर होता, आणि या माश्या पडक्या भिंती नि धुराडी धुंडाळून नव्या घराची खबर आणत होत्या.

असे घर ठरते कसे? राणीला कोणी विचारीत नाही. एकीचा नाच पाहून दुसरी आधी ती जागा स्वतः पाहून येते, पटली तरच नाचते. अमेरिकेतल्या टॉमस सीली यांनी दाखवून दिले, की जागा कितीही उत्तम असो, प्रत्येक फेरीगणिक तिची वकील आपला नाच कमी करीत जाते आणि शेवटी गप्प बसते. प्रसंगी विरोधकांना डोक्याने ढुशाही देतात. पण अखेर एका जागेवर मत जुळते आणि सारा घोळका एकदम उडतो. मागे रुसून कोणी राहत नाही.

आता दिवाळीच्या फराळाला मंडळी जमली, की 'नवी जागा ठाण्याला घ्यायची की डोंबिवलीला' हा विषय निघेलच. तेव्हा सतरंजी गुंडाळून ठेवा, कंबरेला आराम द्या. वहिनींनी सुचवलेली जागा आधी स्वतः पाहून या. आपले म्हणणे एकदा जोरात सांगा, दुसऱ्यांदा हळू सांगा, आणि तिसऱ्यांदा चकलीचा तुकडा तोंडात टाकून ऐका. एवढे साधले, तर मधमाशीची भाषा आपणांस आली असे खुशाल समजावे.