एक चाक हवेत: लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल समजून घेताना

आज इंजिनाकडे पाठ फिरवून आपण गाडीच्या पोटात शिरणार आहोत.

निमित्त असं झालं. आमच्या बेंगळुरूच्या सोसायटीत एक मराठी कुटुंब आहे. त्यांचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये. टर्बो पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांना ताकद, वर रीमॅप करून घेतलेलं. एका रविवारी पहाटे पावसात नंदी हिल्सच्या वळणावर त्याने पाय दाबला, आतलं चाक जागीच फिरलं आणि गाडी वळायचं सोडून सरळ कठड्याकडे निघाली. थोडक्यात वाचला. संध्याकाळी माझ्याकडे आला. "काका, एलएसडी बसवतोय. एक सेकंडहँड प्लेटवाला मिळतोय, टू-वे."

मी म्हटलं, "बस. आधी चहा घे, मग डिफरन्शियल म्हणजे काय ते सांग."

त्याला सांगता आलं नाही. म्हणून हा भाग.

बैलगाडी आठवा. तिची दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात, म्हणून वळताना अडचण येत नाही. मोटारीत मात्र इंजिनाला चाकं फिरवायची असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर काटकोनातल्या एका वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३५ मीटर जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली तर टायर घासतील आणि गाडी वळायला कुरकुर करेल. यावरचा दातेरी चाकांचा उपाय फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्यूर यांनी १८२७ साली काढला. तोच साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल.

यात एक मेख आहे. दोन बैलांचं जू मधोमध एकाच खिळ्यावर मोकळं फिरतंय असं समजा. एक बैल ढिला पडला की जू त्याच्या बाजूने मागे फिरतं. दुसरा कितीही दणकट असो, गाडीला मिळते ती दुबळ्या बैलाच्या ओढीची दुप्पट. ओपन डिफरन्शियल असंच वागतं. दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, आणि तो किती ते कमी पकड असलेलं चाक ठरवतं. ओल्या बाजूचं चाक २०० न्यूटन-मीटर पेलतंय आणि कोरड्या बाजूचं ६००, तर तुम्हाला मिळतात २०० अधिक २००, म्हणजे ४००.

फौजेत डोंगरी रस्त्यावर मी हे अनेकदा पाहिलं. एक चाक बर्फावर, तीन चाकं मातीवर, आणि नवा ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबून खड्डा खोल करतोय. ज्या गाडीला डिफ-लॉक होता, तिथे लीव्हर ओढायचा, हळूच बाहेर पडायचं, आणि पक्क्या रस्त्यावर लॉक लगेच काढायचा. लॉक म्हणजे जू खिळे ठोकून पक्कं करणं. चिखलात ते वरदान, डांबरावर शाप.

लिमिटेड-स्लिप हा यामधला मार्ग. जू फिरतं, पण अडखळत. त्याचे मुख्य प्रकार असे:

पहिला, प्लेटवाला. आत क्लचसारख्या चकत्या असतात. त्या ताकद देताना दाबल्या जातात तो वन-वे. पाय काढल्यावरही तेवढ्याच दाबल्या जातात तो टू-वे, आणि थोड्या कमी दाबल्या जातात तो दीड-वे. रॅलीत याचंच राज्य. आपल्या गौरव गिलने २०१६ आणि २०१७ साली आशिया-पॅसिफिक रॅली जिंकली ती स्कोडा फाबिया आर-५ मध्ये. त्या वर्गाच्या गाड्यांत पुढे-मागे यांत्रिक एलएसडी असतात. पण चकत्या झिजतात, खास तेल लागतं, आणि स्टिअरिंग हाताला हिसके देतं.

दुसरा, हेलिकल किंवा टॉर्सन जातीचा. यात तिरप्या दातांचं घर्षणच काम करतं. पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या ठराविक पट टॉर्क देतो. पट तीन धरला तर वरच्या उदाहरणात २०० अधिक ६००, म्हणजे ८००. दुप्पट! पण चाक हवेत गेलं की शून्याच्या तिप्पट शून्यच. तेव्हा ब्रेक हलका दाबायचा, म्हणजे हवेतल्या चाकाला विरोध मिळतो आणि दुसऱ्याकडे ताकद जाते.

तिसरा, इलेक्ट्रॉनिक. २०२० साली भारतात मोजक्या २०० आलेल्या ऑक्टाव्हिया आरएस २४५ मध्ये तो होता. संगणक चकत्यांवर हवा तेवढा दाब देतो. पुष्कळ गाड्यांत नुसता घसरत्या चाकाला ब्रेक लावून तोच परिणाम साधतात. ते स्वस्त आहे, पण ट्रॅकवर सतत वापरलं तर ब्रेक तापतात.

आता आमच्या मुलाचा प्रश्न. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत टू-वे बसवला आणि ओल्या वळणावर घाबरून पाय काढला, तर दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरू पाहतील. गाडी आणखी सरळ जाईल. ज्या भीतीपोटी तो पैसे घालत होता, तीच घटना पुन्हा घडली असती. रोजच्या रस्त्यासाठी आणि वर्षातून दोनदा कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जाण्यासाठी त्याला हेलिकलच योग्य.

मी त्याला क्रम सांगितला. आधी टायर, कारण एलएसडी पकड वाटतो, निर्माण करत नाही. मग ब्रेक आणि अलाइनमेंट. मग एलएसडी, तोही गिअरबॉक्सच्या नेमक्या कोडला बसणारा. गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा क्लच, बेअरिंग आणि सील त्याच वेळी बघा. तेल उत्पादक सांगेल तेच. वॉरंटी आणि विमा कंपनीला आधी विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं, म्हणून आरटीओतही चौकशी करा.

त्याचे पुढचे टायर पाहिले. कडेला जवळजवळ गुळगुळीत! नंदीच्या वळणावर पहिला गुन्हेगार तोच होता. त्याने आधी चार टायर बदलले. एलएसडी अजून यादीत आहे, पण आता त्याला तो कशासाठी हवाय हे सांगता येतं.

फौजेत आम्ही म्हणायचो, हत्यार घेण्याआधी त्याचं काम शिका. तुमच्या गाडीत कोणता डिफरन्शियल आहे ते मॅन्युअल उघडून आजच बघा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.