घराभोवतीच्या गवतासाठी मेंढ्या: चराईचे नियोजन

पावसाळ्यात मळ्यातील घर किंवा फार्महाऊसभोवतीचे गवत वारंवार कापावे लागते. ५-१० गुंठे मोकळी जागा असल्यास हे काम मेंढ्यांकडून करून घेता येते. मात्र जनावरांची संख्या जागेवरून नव्हे, तर उपलब्ध चाऱ्यावरून ठरवावी.

मेंढी की शेळी?
मेंढी जमिनीलगतचे गवत खाते. शेळीचा ओढा झुडपे व पाल्याकडे असतो, त्यामुळे ती फुलझाडे व कलमे ओरबाडते. मेंढी एकटी राहत नाही, म्हणून किमान दोन ठेवाव्यात.

चाऱ्याचा हिशेब
एक चौरस मीटरमधील गवत ५ सें.मी. उंची सोडून कापून वजन करावे. ते ४०० ग्रॅम भरल्यास १० गुंठ्यांत (सुमारे १,००० चौ.मी.) ४०० किलो चारा होतो. तुडवण व नासाडी धरून निम्माच उपयोगी मानावा. ३० किलोच्या मेंढीला रोज साधारण ५ किलो हिरवे गवत लागते. म्हणजे दोन मेंढ्यांना हा चारा २० दिवस पुरेल.

फिरती चराई
- जाळी (वाघर) लावून जागेचे पाच भाग करावेत. प्रत्येक भागात ४ दिवस चारावे. त्यामुळे गवताला १६ दिवस विश्रांती मिळते.
- गवत ५ सें.मी.पर्यंत आले की मेंढ्या हलवाव्यात. जंतांच्या अळ्या बहुतांश बुडाशी असतात.
- सकाळी दव वाळल्यावरच सोडावे. चिखलात चारू नये, खुरे सडतात.
- फिरत्या चराईने जंत पूर्ण जात नाहीत. लेंडी तपासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषार लस टोचून घ्यावी.

धोके
- कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. थोडी पानेही जीव घेऊ शकतात. घाणेरीमुळे यकृताला इजा होते. ही झाडे आधी काढावीत किंवा जाळीबाहेर ठेवावीत. छाटलेल्या फांद्या आवारात टाकू नयेत.
- मेंढीला तांबे लवकर बाधते. बोर्डो मिश्रण फवारलेल्या झाडांखाली चारू नये. गाईंचे खनिज मिश्रण मेंढ्यांना देऊ नये.
- तणनाशक किंवा कीटकनाशक मारल्यास लेबलवरील प्रतीक्षा कालावधी पाळावा. युरियाची गोणी उघडी ठेवू नये.
- कुत्र्यांपासून संरक्षणासाठी रात्री बंदिस्त निवाऱ्यात ठेवावे. स्वच्छ पाणी सतत असावे.

मेंढ्या गवत एकसारखे कापत नाहीत. लेंड्या पडलेल्या जागी झुपके राहतात, ते विळ्याने काढावेत. उन्हाळ्यात गवत संपल्यावर चाऱ्याची सोय होणार नसेल, तर मेंढ्या विकत न घेता हंगामापुरत्या ओळखीच्या मेंढपाळाकडून आणाव्यात.