कायद्याच्या वर्गात जाण्यापूर्वी : पदवीच्या तीन वर्षांत काय शिकावे?

मरुदानल्लूर (कुंभकोणम) : कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर, कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीत वसलेले मरुदानल्लूर हे गाव नामसंकीर्तन परंपरेतील सद्गुरू स्वामींच्या मठामुळे ओळखले जाते. स्वामींच्या हयातीत तंजावरच्या गादीवर भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे होते. या मराठी राज्याच्या अखेरीतून उभा राहिलेला एक खटला आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावा लागतो. विधी महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पदवीच्या काळात कशाची तयारी करावी, या नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्या खटल्याच्या वाचनातून बऱ्याच अंशी मिळते.

प्रश्न केवळ आवडीचा नाही, वर्षांचा आहे. पदवीची तीन वर्षे आणि त्यानंतर विधी अभ्यासक्रमाची तीन वर्षे, असा सहा वर्षांचा प्रवास करून विद्यार्थी वकिलीच्या उंबरठ्यावर येतो. सनद टिकवण्यासाठी त्याला अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली. घरात वकिलीची परंपरा नसलेल्या, शेतकरी वा नोकरदार कुटुंबातून आलेल्या मुलामुलींना इतका काळ वाया घालवणे परवडत नाही. म्हणूनच पहिली तीन वर्षे केवळ पात्रतेचा कागद मिळवण्यात जातात की पुढील शिक्षणाचा पाया घालण्यात, याला महत्त्व आहे.

दोन वाटा आणि त्यांच्या अटी

भारतात कायद्याच्या पदवीकडे जाण्याच्या दोन वाटा आहेत. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम ही एक. कोणत्याही शाखेची पदवी घेऊन तीन वर्षांचा एलएलबी अभ्यासक्रम ही दुसरी. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने १९८८ पासून पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच संस्थेने २०२२ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रमही सुरू केला. पदवीधर होऊन कायद्याकडे वळणारा विद्यार्थी त्यामुळे मागे पडला असे मानण्याचे कारण उरलेले नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार खुल्या प्रवर्गासाठी पदवीत किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांसाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुणांची अट आहे. दूरस्थ पद्धतीने मिळवलेली पदवीही चालते. मात्र दहावी-बारावीची पायरी ओलांडून मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली पदवी या नियमांत बसत नाही. अमुकच विषय घेतला पाहिजे, असे हे नियम कोठेही सांगत नाहीत. वैद्यकीय प्रवेशासाठी जीवशास्त्र लागते, तसा कायद्यासाठी अनिवार्य असा एकही विषय नाही. हे स्वातंत्र्य आहे आणि त्यातच गोंधळाचे मूळही आहे.

प्रवेशाची रीत राज्यागणिक बदलते. तमिळनाडूच्या शासकीय विधी महाविद्यालयांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा प्रवेश पदवीच्या गुणांवरून ठरतो. मरुदानल्लूरच्या विद्यार्थ्याने कुंभकोणमला पदवी घेऊन तिरुचिरापल्लीच्या शासकीय विधी महाविद्यालयात जायचे ठरवले, तर पदवीची गुणपत्रिका हीच त्याची प्रवेश परीक्षा असते. महाराष्ट्रात मात्र राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावी लागते आणि गुणवत्ता यादी त्या गुणांवर लागते. ही परीक्षा मराठी आणि इंग्रजी या दोन्ही माध्यमांतून होते. बंगळुरूच्या प्रवेश परीक्षेत लेखी उत्तरांचाही भाग असतो. त्यामुळे विद्यार्थ्याने पदवीच्या पहिल्याच वर्षी, आपण कोणत्या राज्यात आणि कोणत्या पद्धतीने प्रवेश घेणार आहोत, याची माहिती करून घेणे आवश्यक ठरते.

एका विषयात असामान्य आणि बाकी विषयांत नापास, ही अवस्था काय करू शकते याचे उदाहरण कुंभकोणमला सांगावे लागत नाही. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या तेथील सरकारी महाविद्यालयात श्रीनिवास रामानुजन १९०४ मध्ये शिष्यवृत्तीवर दाखल झाले. गणिताशिवाय इतर विषयांकडे त्यांनी पाठ फिरवली. इंग्रजीत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. रामानुजन यांची प्रतिभा त्यातूनही तरली. गुणपत्रिकेवर प्रवेश अवलंबून असलेल्या सामान्य विद्यार्थ्याला तो धोका पत्करता येत नाही.

तंजावरचा खटला

तंजावरचे अखेरचे राजे शिवाजी ऑक्टोबर १८५५ मध्ये पुरुष वारस न ठेवता निवर्तले. ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केले. त्याबरोबर राजांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई साहेब यांनी मद्रासच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि खासगी मालमत्तेबाबत त्यांच्या बाजूने निकालही लागला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. १८५९ मध्ये तेथे निर्णय फिरला. कंपनीने सार्वभौम सत्तेच्या नात्याने केलेली ही कृती ‘राज्यकृती’ असून तिची तपासणी करण्याचा अधिकार देशांतर्गत न्यायालयांना नाही, असे लॉर्ड किंग्सडाऊन यांच्या निकालपत्रात म्हटले आहे.

या निकालाचा सारांश विचारला, तर अनेक विद्यार्थी ‘मालमत्ता घेणे योग्य ठरले’ असे लिहितील. ते उत्तर चुकीचे आहे. कंपनीची कृती न्याय्य की अन्याय्य, यावर मत देण्याचा अधिकारच आपल्याला नाही, असे न्यायमंडळाने म्हटले होते. ‘योग्य ठरवणे’ आणि ‘अधिकार नाही म्हणून न ठरवणे’ यांतला फरक वाक्य लक्षपूर्वक वाचणाऱ्यालाच कळतो. तो कळण्यासाठी कलमे पाठ असावी लागत नाहीत. वाचनाची शिस्त असावी लागते आणि ती विधी महाविद्यालयात येण्यापूर्वी लागलेली बरी.

या एका खटल्याला किती विषय स्पर्श करतात, हेही पाहण्यासारखे आहे. १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्यकारभार कंपनीच्या हाती सोपवला होता, हे माहीत नसेल तर १८५५ मध्ये नेमके काय ‘खालसा’ झाले हे उमगत नाही; ते इतिहासाचे काम. सार्वभौम सत्ता म्हणजे काय, हा राज्यशास्त्राचा प्रश्न. राज्याचा खजिना कोणता आणि राजाची खासगी मिळकत कोणती, हे हिशेब वाचणाऱ्याला कळते. तेथे वाणिज्य शाखेचा अभ्यास उपयोगी पडतो. दरबारचे दप्तर मराठीत आणि मोडी लिपीत होते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आजही आहे. निकाल मात्र इंग्रजीत. म्हणजे दोन भाषांशिवाय या वादाच्या दोन्ही बाजू समजत नाहीत.

कथा १८५९ मध्ये संपत नाही. खासगी मालमत्ता १८६२ मध्ये राण्यांना परत मिळाली, पण ती सरकारच्या आदेशाने, न्यायालयाच्या नव्हे. पुढे स्वतंत्र भारतात, संस्थानिकांनी दिलेली गावे नव्या सरकारला काढून घेता येतात का, असा प्रश्न उभा राहिला. १९५४ च्या वीरेंद्र सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, राज्यघटना लागू झाल्यावर सरकारला स्वतःच्या नागरिकांविरुद्ध ‘राज्यकृती’ची ढाल वापरता येणार नाही, असे म्हटले. दहाच वर्षांनी, १९६४ च्या व्होरा फिद्दाली खटल्यात, मोठ्या खंडपीठाने बहुमताने ती भूमिका अमान्य केली. कायदा हा तयार उत्तरांचा संच नसून कारणांनी लढवला जाणारा वाद आहे, हे यातून कळते.

कलमे पाठ करण्याची घाई

पदवीच्या काळातच दंडविधानाची कलमे पाठ करणे, ही अनेकांची समजूत असलेली ‘तयारी’. तिचा फोलपणा १ जुलै २०२४ रोजी दिसून आला. त्या दिवशी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ हे कलम १०३ झाले आणि फसवणुकीचे ४२० हे ३१८ मध्ये गेले. क्रमांक पाठ केलेल्यांना ते पुन्हा पाठ करावे लागले. ‘उद्देश’ आणि ‘हेतू’ यांत फरक काय, कृत्य आणि परिणाम यांचा संबंध कसा सिद्ध करायचा, हे ज्यांना समजले होते, त्यांचे फारसे काही बिघडले नाही. कलमे शिकवण्यासाठी विधी महाविद्यालये आहेत. मुद्देसूद लिहिणे आणि पुराव्याची पारख करणे यांसाठी तेथे स्वतंत्र वेळ क्वचितच मिळतो.

विषय कोणता घ्यावा?

मराठी परंपरेचे उत्तर असे, की मन लावून शिकलेला कोणताही विषय चालतो. लोकमान्य टिळक १८७७ मध्ये गणित घेऊन बीए झाले आणि १८७९ मध्ये एलएलबी. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे संस्कृतचे पंडित; त्यांनी केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पदवीचे विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र होते. बॅरिस्टर ते १९२२ मध्ये झाले.

महाडच्या चवदार तळ्याचा दिवाणी दावा या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. तळे केवळ सवर्णांनी वापरण्याची अनादि काळापासूनची प्रथा आहे, असा वादींचा दावा होता. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण अशी प्रथा पुराव्याने सिद्ध झाली नाही. ‘पूर्वापार’ या शब्दापुढे ‘कधीपासून, आणि आधार काय?’ असे विचारण्याची सवय इतिहासाचा वा अर्थशास्त्राचा चांगला वर्ग लावू शकतो. एका तळ्याच्या पाण्यावरील हक्क त्या प्रश्नावर ठरला.

प्रत्येक शाखेची देणगी वेगळी असते. गणित आणि तर्कशास्त्र एका पायरीवरून दुसरीवर जाताना मधली जागा मोकळी सोडू देत नाहीत. वाणिज्यातून ताळेबंद वाचता येतो. कंपनी, करआकारणी आणि दिवाळखोरीच्या खटल्यांत तो रोज लागतो. विज्ञानाच्या पदवीधराला न्यायवैद्यक अहवाल किंवा पेटंटचे कागद अपरिचित वाटत नाहीत. साहित्याचा विद्यार्थी शब्दाच्या छटा ओळखतो आणि कराराचा वाद अनेकदा एका शब्दावरच असतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय निवडण्याची सोय झाली आहे. विज्ञान वा वाणिज्याच्या विद्यार्थ्याने जेथे शक्य असेल तेथे राज्यशास्त्र किंवा तर्कशास्त्र, आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याने लेखाशास्त्राची तोंडओळख घेतल्यास उणीव भरून निघते.

दोन भाषांची गरज

राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, तर तमिळनाडूत तमिळ. पक्षकार आपले गाऱ्हाणे मातृभाषेत सांगतो. सातबारा, फेरफार, खरेदीखत हे कागद प्रादेशिक भाषेत असतात. अपील मात्र इंग्रजीत लिहावे लागते. केवळ इंग्रजीवर भर देणारा विद्यार्थी साक्षीदाराची उलटतपासणी घेताना अडखळतो. केवळ मातृभाषेत शिकलेला उच्च न्यायालयाच्या दारात थबकतो. पदवीची तीन वर्षे ही दोन्ही भाषा घडवण्याची सर्वांत निवांत संधी असते.

तीन वर्षांचा आराखडा

पहिल्या वर्षी वाचनाची सवय हे उद्दिष्ट ठेवता येईल. दररोज एक अग्रलेख वाचून त्यातील मुख्य विधान, त्यामागची कारणे आणि न सांगितलेली गृहीतके तीन-चार वाक्यांत लिहून काढावीत. भारताच्या राज्यघटनेची मूळ संहिता याच वर्षी एकदा सावकाश वाचावी. ती सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध आहे.

दुसऱ्या वर्षी निकालपत्रांकडे वळावे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल संकेतस्थळावर मिळतात आणि अनेक निकालांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. महिन्याला एक निकाल घेऊन घटना, प्रश्न, निर्णय आणि कारणे अशी चार टिपणे करावीत. एकाच निकालाचा मराठी आणि इंग्रजी पाठ शेजारी ठेवून वाचल्यास दोन्ही भाषांचा अभ्यास होतो. जिल्हा न्यायालयातील खुल्या सुनावण्या कोणालाही पाहता येतात. सुटीतील दोन-चार दिवस तेथे बसल्यास हा व्यवसाय चित्रपटात दिसतो तसा नाही, हे लवकर कळते.

तिसऱ्या वर्षी प्रवेश परीक्षेची वा गुणांची तयारी स्वाभाविकपणे पुढे येते. तरीही वादविवाद स्पर्धा आणि छोटा शोधनिबंध यांना वेळ द्यावा. स्वतःच्या मताविरुद्धची बाजू प्रामाणिकपणे मांडता येणे, ही वकिलीतील पहिली कसोटी आहे.

खासगी शिकवणीचे शुल्क परवडत नसलेल्या विद्यार्थ्यालाही यातील जवळजवळ सर्व काही करता येते. महाविद्यालयाचे ग्रंथालय, एक वर्तमानपत्र, एक वही आणि नियमितपणा एवढेच त्यासाठी लागते. कामाक्षीबाईंच्या खटल्याचे निकालपत्रही आज विनामूल्य वाचायला मिळते. कायद्याकडे जाऊ इच्छिणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याने ते वाचून, न्यायालयाने काय ठरवले आणि काय ठरवण्याचे टाळले, हे एका पानात स्वतःच्या शब्दांत लिहून पाहावे. ते पान नेमके उतरले, तर तयारी योग्य दिशेने चालली आहे असे समजायला हरकत नाही.